बंदिवान बोएथियस : देवाचें पूर्वज्ञान व मनुष्याची इच्छा

खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगत फिरणाऱ्या आमच्या बंधूंस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. देव जर सर्वज्ञ आहे, आणि उद्यां आपण काय करणार हें त्याला आजच ठाऊक आहे, तर मग आपल्या हातीं काय राहिलें? चोरानें चोरी करावी हें आधींच ठरलेलें असेल, तर त्याला दोष कां द्यावा? जें व्हावयाचें तें होणारच असेल, तर प्रार्थना तरी कशासाठीं करावी? कोणी हा प्रश्न वादासाठीं विचारतो. कोणी घरांत मूल दगावलें म्हणून डोळे पुशीत विचारतो. दोघांसहि उत्तर देणें प्राप्त आहे.

हाच प्रश्न सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं इटली देशांत एका मनुष्यानें बंदिशाळेंत बसून विचारला. त्याच्यावर आळ आला होता, मालमत्ता जप्त झाली होती, आणि मरणाची शिक्षा डोक्यावर टांगलेली होती. माझ्या नशिबीं हेंच लिहिलेलें होतें, असें म्हणून स्वस्थ बसण्यास त्याच्याइतकें कारण फार थोड्यांस असेल. पण तो तसा बसला नाहीं. त्याचें नांव बोएथियस. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

बोएथियसाचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास रोम येथील अनिशिया नांवाच्या थोर घराण्यांत झाला. त्यापूर्वीं थोडींच वर्षें, म्हणजे इ. स. ४७६ त, पश्चिमेकडील शेवटचा रोमी बादशहा पदच्युत झाला होता. ज्या कैसरांचा उल्लेख आपण नव्या करारांत वाचतों, त्यांची गादी आतां पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल येथें होती, आणि इटलीवर परक्या लढवय्या जातींच्या सरदारांचा अंमल बसला होता. इ. स. ४९३ त गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक यानें आपल्या प्रतिस्पर्ध्यास ठार करून सर्व देश हातांत घेतला व राव्हेना शहरीं आपली राजधानी केली. हा राजा शहाणा होता. रोमी लोकांचे कायदे, त्यांची राजसभा व त्यांचे मानमरातब त्यानें बहुतेक पूर्वीसारखेच चालू ठेविले. मात्र तो व त्याचे गॉथ लोक आरियसाच्या मताचे ख्रिस्ती होते. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाहीं असें ते मानीत. निकीया येथील सभेनें हें मत इ. स. ३२५ त त्याज्य ठरविलें होतें, व रोमी मंडळी त्या निर्णयास धरून होती. राजा एका मताचा व प्रजा दुसऱ्या मताची, अशी ती स्थिति होती. पुढें जें झालें तें समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

बोएथियसाचा बाप इ. स. ४८७ त कॉन्सल, म्हणजे रोम शहरचा सर्वांत मानाचा अधिकारी, झाला होता. परंतु मुलगा लहान असतांच तो वारला. त्या पोरक्या मुलास सिमाकस नांवाच्या एका कुलीन व विद्वान गृहस्थानें आपल्या घरीं नेऊन वाढविलें. पुढें त्यानें आपली कन्या रुस्टिशियाना ही त्याला दिली. जांवई व सासरा यांचें प्रेम बापलेकांसारखें होतें, आणि तें दोघांच्या मरणापर्यंत टिकलें.

त्या काळीं पश्चिमेकडे ग्रीक भाषा जाणणारे लोक दिवसेंदिवस कमी होत चालले होते. प्लेटो व आरिस्टॉटल यांचे ग्रंथ कुलपांत पडल्यासारखे झाले होते. बोएथियसानें असा संकल्प केला कीं, त्या दोघांचे सर्व ग्रंथ आपण लॅटिन भाषेंत आणावे व त्यांचें मूळांत ऐक्य आहे हें दाखवावें. एवढें काम एका जन्मांत होण्यासारखें नव्हतें, आणि त्याला तर पुरें आयुष्यहि मिळालें नाहीं. तरी आरिस्टॉटलाच्या तर्कशास्त्राचीं पुस्तकें त्यानें लॅटिनमध्यें आणिलीं. अंकगणित व संगीत यांवरहि त्यानें ग्रंथ लिहिले. हीं पुस्तकें युरोपांतील पाठशाळांत कित्येक शतकें चालू होतीं. बर्गंडी देशच्या राजास भेट पाठविण्यासाठीं पाण्याचें घड्याळ व सूर्याच्या सावलीचें घड्याळ पाहिजे होतें, तेव्हां थिओडोरिकानें तें काम बोएथियसावरच सोंपविलें. त्रैक्याविषयीं, आणि प्रभु येशूच्या ठायीं देवपण व मनुष्यपण कसें आहे याविषयींहि त्यानें लहान लहान निबंध लिहिले. ते त्याचेच आहेत कीं काय अशी शंका पुढें कांहीं विद्वानांनीं काढिली होती. परंतु त्याच्याच काळच्या कॅसिओडोरस नांवाच्या गृहस्थाच्या लेखाचा एक तुकडा सांपडून इ. स. १८७७ त प्रसिद्ध झाला, आणि त्यांत या निबंधांचा स्पष्ट उल्लेख निघाला.

असा हा विद्याव्यासंगी मनुष्य राजकारणांत कां पडला? चांगल्या मनुष्यांनीं कारभार टाळला तर तो दुष्टांच्या हातीं जातो, अशी त्याची समजूत होती. इ. स. ५१० त तो कॉन्सल झाला. पुढें त्यानें आपल्या अधिकाराचा उपयोग कसा केला याची एक गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावी. कँपेनिया प्रांतांत मोठा दुष्काळ पडला असतां सरकारी अंमलदारांनीं असा हुकूम काढिला कीं, रयतेनें आपलें धान्य सरकारास ठरीव भावानें विकलेंच पाहिजे. हा हुकूम चालला असता तर तो प्रांत भिकेस लागला असता. बोएथियसानें मुख्य अंमलदाराशीं उघड विरोध केला, प्रकरण राजापर्यंत नेलें, आणि ती सक्तीची खरेदी बंद पाडिली. कोनिगास्ट नांवाचा एक गॉथ सरदार दुबळ्यांची मालमत्ता गिळूं पाही. त्याच्याहि आड तो पुनःपुन्हां आला. रयतेचा दुवा मिळाला, पण दरबारांत वैरी वाढले.

इ. स. ५२२ त त्याच्या वैभवाचा कळस झाला. त्याचे दोघेहि पुत्र एकाच वर्षीं कॉन्सल झाले. घरापासून राजसभेपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली, रस्ते माणसांनीं फुलून गेले, आणि बापानें भर सभेंत राजाच्या स्तुतीचें भाषण केलें. त्याच सुमारास राजानें त्याला दरबारच्या सर्व कामगारांवरचा मुख्य अधिकारी नेमिलें. त्या दिवशीं कोणी जोशी त्याच्याकडे आला असता, तर दोन वर्षांच्या आंत तुझें मस्तक जाईल असें सांगण्याचा धीर त्याला झाला नसता.

परंतु वारा फिरला होता. इ. स. ५१८ त कॉन्स्टँटिनोपल येथें जस्टिन नांवाचा बादशहा गादीवर आला. तो निकीयाच्या मताचा कट्टर अभिमानी होता. इ. स. ५१९ त रोम व कॉन्स्टँटिनोपल येथील मंडळ्यांमध्यें पुष्कळ वर्षें चाललेली फूट मिटली. म्हाताऱ्या थिओडोरिकाच्या मनांत संशय शिरला कीं, धर्माच्या निमित्तानें हे रोमी सरदार बादशहाशीं मिळून आपलें राज्य बुडवितील. अशा वेळीं, इ. स. ५२३ च्या सुमारास, सिप्रियन नांवाच्या दरबारी कामगारानें आल्बिनस नांवाच्या सभासदावर असा आरोप केला कीं, यानें बादशहास राजद्रोहाचीं पत्रें लिहिलीं आहेत. सर्व लोक भयानें गप्प बसले. बोएथियस मात्र उठून उभा राहिला व म्हणाला कीं, हा आरोप खोटा आहे. आल्बिनस दोषी असेल तर मी व सगळी राजसभा दोषी आहों. सिप्रियनानें तत्काळ तोच आरोप बोएथियसावरहि लादिला.

साक्षीदार कोण मिळाले तेंहि पाहण्यासारखें आहे. बॅसिलियस हा चाकरींतून काढून टाकलेला व कर्जांत बुडालेला. ओपिलियो व गौडेन्शियस या दोघांस लबाडीबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली होती. ते देवळाच्या आश्रयास जाऊन बसले, तेव्हां राजानें हुकूम केला कीं, अमक्या दिवसाच्या आंत ते राव्हेना सोडून न गेले तर त्यांच्या कपाळांवर डाग द्यावे. नेमक्या त्याच दिवशीं त्यांनीं बोएथियसाविरुद्ध साक्ष दिली, आणि ती मान्य झाली! बनावट पत्रें पुढें आणिलीं गेलीं. तो जादूटोणा करितो असेंहि कुभांड उठविण्यांत आलें. ज्या राजसभेच्या अब्रूसाठीं तो भांडला, तिनेंच त्याला दोषी ठरविलें. आणि तेंहि तो जवळजवळ पांचशें मैल दूर अटकेंत असतां, त्याचें म्हणणें न ऐकतां.

पाविया येथें बंदींत असतां त्यानें आपला शेवटचा ग्रंथ लिहिला. त्याचें नांव तत्त्वज्ञानाचें सांत्वन. त्याचे पांच भाग असून गद्य व पद्य आळीपाळीनें येतात. ग्रंथाच्या आरंभीं तो शोक करीत बसला आहे, इतक्यांत तत्त्वविद्या एका तेजस्वी स्त्रीच्या रूपानें त्याच्या उशाशीं येऊन उभी राहते. ती त्याला रोगी समजून वैद्याप्रमाणें वागते. प्रथम त्याची सगळी कैफियत ऐकून घेते. नंतर सौम्य औषध देते, व शेवटीं कडू. दैवानें तुझा घात केला म्हणून रडतोस. पण फिरणें हाच दैवचक्राचा धर्म आहे, असें ती त्याला समजाविते. आमच्याकडील विहिरीवरचें रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें सहज कळेल. भरलेलें गाडगें वर आलें कीं रितें होऊन खालीं जावयाचेंच. त्यावर जो बसेल त्यानें वर जातांना हंसूं नये व खालीं येतांना रडूं नये. जें हिरावून घेतां येतें तें खरें धन नव्हेच. खरें व पूर्ण सुख एका देवाच्या ठायीं आहे, व तेथें कोणत्याहि राजाचा हात पोंचत नाहीं.

इतकें पटल्यावर शेवटल्या भागांत आमचा मूळ प्रश्न येतो, आणि बोएथियस तो अगदीं धीटपणें मांडितो. देव सर्व कांहीं आधीं जाणतो, व त्याचें ज्ञान चुकूं शकत नाहीं. तर मग त्यानें जें जाणलें तें टळूं शकत नाहीं. तें टळत नसेल तर मनुष्याची इच्छा नांवाचीच राहिली. मग सज्जनास बक्षीस व दुर्जनास शिक्षा हा अन्यायच झाला. इतकेंच नव्हे, तर आमच्या पापांचा कर्ता देवच ठरतो. आणि आशा धरणें व प्रार्थना करणें हीं दोन्ही निष्फळ होतात. देव व मनुष्य यांमध्यें बोलण्याचा जो एकच मार्ग आहे तोच तुटून जातो. कोठडींतील त्या मनुष्यास हा शेवटचा विचार सर्वांत असह्य होता. घर, मान, बायकामुलें यांपासून तो आधींच तुटला होता. देवाशीं बोलण्याची वाटहि बंद झाली तर उरणार काय?

याचें उत्तर तो पायरीपायरीनें देतो. आम्हीहि तसेंच सांगूं.

पहिली पायरी ही कीं, जाणणें वेगळें व घडविणें वेगळें. रथ हांकणारा मनुष्य घोडे वळवीत आहे हें आपण समोर उभे राहून पाहतों. आपल्या पाहण्यानें घोडे वळत नाहींत. तो आपल्या कसबानें त्यांस वळवितो. आमचे वाचक रथाच्या जागीं बैलगाडी घेवोत. ग्रहण अमक्या दिवशीं लागणार हें पंचांगांत लिहिलेलें असतें. म्हणून पंचांगानें ग्रहण लाविलें असें कोणी म्हणत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ग्रहणाचा दाखला आमच्या उलट पडतो; कारण सूर्यचंद्रांस मन नाहीं, त्यांचा मार्ग बांधलेला आहे, म्हणून तर तो आधीं सांगतां येतो. मनुष्याचें करणें बांधलेलें नसेल, तर तें आधीं निश्चित कसें कळावें? ही शंका खरी आहे, आणि येथें दुसरी पायरी येते. जाणण्याची रीति जाणणाऱ्याच्या शक्तीप्रमाणें असते. गोल दगड डोळ्यांस दुरून एकदम सगळा गोल दिसतो. आंधळ्यास तोच दगड हातानें चांचपून थोडाथोडा कळतो. दगड एकच, कळण्याची तऱ्हा दोन. आपण मनुष्यें काळ चांचपून जाणतों. काल हातांतून निसटला, उद्यां अजून हातीं आला नाहीं. पण देवास आमच्यासारखें चांचपावें लागतें असें समजण्यास आधार काय?

तिसरी पायरी ही सर्व उत्तराचें मर्म आहे. देव सनातन आहे याचा अर्थ त्याचें वय फार मोठें आहे एवढाच नव्हे. जगास आदिअंत नसता तरी तें सनातन ठरलें नसतें, कारण त्याचें आयुष्य दिवसामागून दिवस असें तुटक तुटक चालतें. देवाचें अनंत जीवन सर्वच्या सर्व एकदम त्याच्यापाशीं आहे. त्यांतला कोणताहि भाग मागें गेला नाहीं व कोणताहि यावयाचा राहिला नाहीं. म्हणून ज्याला आपण देवाचें पूर्वज्ञान म्हणतों तें त्याच्याकडून पाहिलें तर पूर्वीचें ज्ञान नव्हेच. तें समोर असलेल्या गोष्टीचें दर्शन आहे. तो जणुं काय सर्वांत उंच शिखरावरून एका दृष्टींत सर्व पाहतो. डोंगरमाथ्यावर उभा असलेला गुराखी खालची सगळी वाट एकदम पाहतो. वाटेनें चालणाऱ्यास पुढचें वळण दिसत नाहीं. गुराख्यानें पाहिलें म्हणून पांथस्थ डावीकडे वळला नाहीं. तो वळला म्हणून गुराख्यास तसें दिसलें.

सूर्य उगवत आहे व मनुष्य रस्त्यानें चालत आहे, या दोन गोष्टी आपण एकाच नजरेंत पाहतों. दोन्ही घडत आहेत हें निश्चित. तरी सूर्यास उगवल्यावांचून गति नाहीं, आणि मनुष्य मनांत आणील तर थांबूं शकतो. पाहणाऱ्याची नजर या दोहोंचा भेद मोडीत नाहीं. त्याचप्रमाणें देव जें बांधलेलें आहे तें बांधलेलें म्हणून पाहतो, व जें मोकळें आहे तें मोकळें म्हणूनच पाहतो. मग कोणी हट्टानें म्हणेल कीं, मी ऐन वेळीं बेत बदलून देवाच्या ज्ञानास खोटें पाडीन. तर त्याला उत्तर हें कीं, तुझा पहिला बेत, तुझा हट्ट व तुझें बदलणें हीं तिन्ही त्याच्या दृष्टीसमोरच आहेत.

आतां आमच्या शेजाऱ्यांचें म्हणणें व हें उत्तर यांतील अंतर स्पष्ट दिसेल. मूल जन्मल्यावर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येऊन त्याच्या कपाळीं लेख लिहिते, असें गांवोगांव मानितात. हा लेख आधीं, आणि मनुष्याचें वागणें त्याच्या हुकमाखालीं. देवाचें ज्ञान हा असा लेख नव्हे. तें पाहणें आहे. लेखास डोळे नसतात व कानहि नसतात. त्याच्याशीं बोलून उपयोग नाहीं. पण जो पाहतो तो ऐकतोहि. आपली आजची प्रार्थना त्याच्या सनातन दृष्टीसमोर सदाच आहे, व ती लक्षांत घेऊनच तो सर्व चालवितो. म्हणून बोएथियस आपला ग्रंथ असें सांगून संपवितो कीं, कायदे अन्यायाचे नाहींत, आशा व प्रार्थना व्यर्थ नाहींत, आणि सर्व पाहणाऱ्या न्यायाधीशासमोर आपण आहों हें जाणून मनुष्यानें चांगलें वागलें पाहिजे.

या उत्तरानें सर्व गांठी सुटल्या असें मात्र नाहीं, आणि ही गोष्ट वाचकांपासून लपविणें बरें नव्हे. इ. स. १४३९ च्या सुमारास लोरेन्झो वाल्ला नांवाच्या इटालियन पंडितानें याच विषयावर संवाद लिहून बोएथियसावर टीका केली. पुढें कॅल्विनानें या वाल्लाचें एक मत पसंत केलें. लूथरानें इ. स. १५२५ त एरास्मसास उत्तर देतांना पतित मनुष्याची इच्छा पापाची गुलाम आहे असें प्रतिपादिलें. कॅल्विनाच्या मतें देव जें पुढें होणार तें जाणतो, कारण त्यानें तसें ठरविलें आहे. उलट जॉन वेस्लीनें इ. स. १७७३ च्या एका उपदेशांत बोएथियसाच्याच धर्तीवर सांगितलें कीं, देवास सर्व काळ एकदम वर्तमान आहे, व त्याच्या जाणण्यानें कोणतीहि गोष्ट घडत नाहीं. आमच्या मराठी मुलुखांत स्कॉच मिशन कॅल्विनाच्या परंपरेंतून व मेथडिस्ट मिशन वेस्लीच्या परंपरेंतून आलें. त्यामुळें हीं दोन्ही मतें येथील मंडळ्यांच्या कानांवरून गेलेलीं आहेत. एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य आहे. मनुष्याची इच्छा मोकळी म्हणजे तो आपल्या बळानें तारण मिळवूं शकतो, असें नव्हे. वाट दिसणें निराळें, आणि मोडक्या पायानें ती चढणें निराळें. हात देणारी कृपाच लागते. बोएथियसाच्या या शेवटल्या ग्रंथांत प्रभु येशूचें नांव आलेलें नाहीं. ती उणीव त्याचे पूर्वींचे निबंध व शास्त्र यांवरून आपण भरून काढिली पाहिजे.

शास्त्राचा दाखला तर अगदीं जवळचा आहे. पेत्र आपल्याला तीनदां नाकारील हें प्रभूनें त्याला आधींच सांगितलें होतें, आणि तसेंच घडलें. पण कोंबडा आरवल्यावर पेत्रानें असें म्हटलें नाहीं कीं, तुला ठाऊकच होतें, मग माझा काय दोष? तो बाहेर जाऊन रडला. आपण मोकळे होतों व घसरलों, हें त्याच्या अंतःकरणास कळलें होतें. जो प्रभु त्याचें पडणें जाणत होता त्यानें त्याच वेळीं त्याच्यासाठीं प्रार्थनाहि केली होती, व त्याच्या परत वळण्याविषयींहि सांगून ठेविलें होतें. याच पेत्रानें पुढें पन्नासाव्या दिवशीं यरुशलेमांत उपदेश करितांना एकाच दमांत दोन गोष्टी सांगितल्या : येशूचें धरून दिलें जाणें देवाच्या पूर्वज्ञानाप्रमाणें झालें, आणि त्याला वधस्तंभावर खिळण्याचा दोष तें करणाऱ्यांचा आहे. त्यानें दोहोंपैकीं एकहि गोष्ट सोडिली नाहीं. आणि लोकांस पश्चात्ताप करा म्हणून विनविलें. पश्चात्ताप करणें त्यांच्या हातीं मुळींच नसतें, तर विनविण्यांत अर्थ काय होता?

बोएथियसाचा अंत इ. स. ५२४ च्या सुमारास झाला. एका जुन्या बखरीप्रमाणें त्याच्या कपाळाभोंवतीं दोरी आवळून त्याचा फार वेळ छळ करण्यांत आला, व शेवटीं सोट्याच्या मारानें त्याला ठार केलें. पुढल्या वर्षीं त्याचा सासरा सिमाकस याचाहि वध झाला. इ. स. ५२६ त थिओडोरिक मेला. प्रोकोपियस नांवाचा इतिहासकार अशी कथा सांगतो कीं, जेवणाच्या ताटांत मोठ्या माशाचें डोकें पाहून राजास तें सिमाकसाचें मस्तक आपल्याकडे दांत विचकीत आहे असें वाटलें, आणि त्या भयानें त्यानें अंथरूण धरिलें. कथा कशीहि असो, राजाच्या मनानें त्याला निर्दोष सोडिलें नाहीं, असें लोकांस वाटत होतें खास. थिओडोरिकाच्या मागून त्याची कन्या अमलसुंथा हिनें कारभार पाहिला, व बोएथियस आणि सिमाकस यांच्या मुलांस त्यांची मालमत्ता परत दिली.

रुस्टिशियाना मागें राहिली. आपलें द्रव्य ती नेहमीं गोरगरिबांस देत असे. इ. स. ५४६ त गॉथ राजा टोटिला यानें वेढा घालून रोम घेतलें, तेव्हां त्या थोर घरच्या विधवेवर दारोदार भाकर मागण्याची पाळी आली. थिओडोरिकाचे पुतळे हिनेंच पाडविले असा आळ घेऊन गॉथ शिपाई तिला मारावयास निघाले. पण टोटिलानें तिला राखिलें. नवऱ्यानें ग्रंथांत लिहिलें कीं, जें हिरावून घेतां येतें तें खरें धन नव्हे; बायकोनें तें आपल्या हातानें वांटून दाखविलें. असें कर असें तिला कोणत्या लेखानें भाग पाडिलें होतें? तिनें तें आपखुषीनें केलें.

पाविया येथील एका जुन्या देवळांत बोएथियसाचीं हाडें आहेत, आणि त्याच देवळांत ऑगस्टिनाचीहि कबर आहे. त्याचा ग्रंथ मात्र त्या कोठडींतून निघून सर्व युरोपभर फिरला. इंग्लंडांत आल्फ्रेड राजाच्या नांवावर त्याचें जुन्या इंग्रजींत भाषांतर आहे. चौदाव्या शतकांत चॉसर कवीनें, व इ. स. १५९३ त एलिझाबेथ राणीनें त्याचें भाषांतर केलें. राजे, कवि व कैदी यांनीं त्यांत धीर शोधिला.

तेव्हां, बंधूंनो, पुढच्या वेळीं कोणी पारावर बसून हा प्रश्न विचारील, तर त्याला आधीं विचारावें कीं, तुला कोण पाहत आहे? कपाळावरचा लेख, कीं जिवंत देव? आणि ज्याच्या घरीं मूल दगावलें आहे त्याला वादाचें एक अक्षरहि न सांगतां त्याच्याबरोबर गुडघे टेंकावे. ज्या देवास त्याचे अश्रु आधींपासून ठाऊक आहेत, तो त्याची हाकहि ऐकत आहे. आज आपण काय निवडणार हें त्याला दिसत आहे. पण निवडावयाचें आपणांसच आहे. म्हणून दिवस आहे तोंच आपण बरें तें निवडूं या.